भूकंप पुनर्वसनातले घर : तीन दशकांच्या वापरानंतरचा अभिप्राय

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील 52 गावे जुन्या जागेवरून हलवून नव्याने वसवण्यात आली. त्यांपैकी एका गावात, देणगीदार संस्थेने बांधून दिलेल्या घरात आमचे कुटुंब तेव्हापासून राहत आहे. सप्टेंबर 2025 च्या पुरात परंडा, भूम भागात ज्यांची घरे पडली, त्यांना उद्या कोणी तयार घर देऊ केले तर काय पारखून घ्यावे हे कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या घराने पहिली गोष्ट दिली ती निर्धास्त झोप, आणि तिचे मोल मी कधीच कमी मानणार नाही. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर माळवदाचा, म्हणजे सपाट धाब्याच्या छताचा, मातीचा भार, या बांधणीमुळेच त्या पहाटे साडेसात हजारांहून अधिक माणसे दगावली. ज्यांनी आपली माणसे ढिगाऱ्यातून काढली, त्यांना दगडी भिंतीखाली पुन्हा पाठ टेकवणे शक्य नव्हते. अशा वेळी सिमेंटचे, चारही बाजूंनी बांधून घेतलेले घर मिळाले, रुंद रस्ते मिळाले, शाळा जवळ आली. बांधकाम आजही उभे आहे. स्लॅब मात्र पावसाळ्यात न्हाणीच्या कोपऱ्यात गळतो आणि वैशाखात रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो.

खरी अडचण आहे ती मांडणीत. घराचे क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवरून ठरले : भूमिहीन आणि 1 हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, 1 ते 7 हेक्टरवाल्याला 400 आणि त्याहून अधिक जमीन असलेल्याला 750. घरात माणसे किती, जनावरे किती, याचा त्यात विचार नव्हता. जुन्या घरात ढाळज (दाराजवळची बसायची ओसरी) होती, गोठा होता, धान्य साठवायला बळद होते. नव्या घरात बैल कुठे बांधायचे आणि कडबा कुठे रचायचा, याचे उत्तर नकाशात नव्हते; ते आम्ही पुढच्या मोकळ्या जागेत पत्रे टाकून शोधले. आज गल्लीतून फिरले तर जवळजवळ प्रत्येक घरापुढे असे पत्र्याचे छप्पर दिसते, आणि माझ्या मते नकाशा काढणाऱ्यांसाठी याहून स्पष्ट अभिप्राय नाही. आमच्या गावात एकाच मापाची घरे एका रांगेत आल्याने भावकी आणि शेजार दोन्ही विखुरले. शेतही लांब पडले.

याच्या शेजारी माझ्या आजोळचा अनुभव ठेवतो. ते गाव हलवले नाही. तिथे पडझड झालेल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या त्या कार्यक्रमात अशी सुमारे 2 लाख घरे होती. पैसे हप्त्याने घरमालकाच्या हाती येत, काम पाहून पुढचा हप्ता मिळे, आणि अभियंता व गावकरी यांच्यामधला दुवा म्हणून गावोगावच्या महिलांना संवाद सहायक नेमले होते. आजोळी या बाई घरोघरी जाऊन सिमेंटची पोती मोजत, माळवदावरची माती कमी केली का, भिंतीचे दोन्ही थर जोडणारा आरपार दगड बसवला का, हे शिडीवर चढून स्वतः बघत. त्यामुळे आजही मामींना विचारले तर भिंती एकत्र बांधून ठेवणारा सिमेंटचा पट्टा कुठून गेला आहे ते त्या भिंतीवर हात ठेवून दाखवतात. 2001 च्या भूजच्या भूकंपानंतर आपल्या भागातल्या अशा महिला गुजरातमध्ये जाऊन तिथल्या बायकांशी बोलल्या, याचा मला मनापासून अभिमान आहे. ते घर लहान आहे, ओबडधोबडही आहे. पण त्यात गोठा जागच्या जागी आहे.

तेव्हा दोन्हींत निवड करायची झाली, तर मी नि:शंकपणे दुसरी पद्धत निवडेन. जिथे गावच उरले नाही तिथे संस्थेने बांधून द्यावे लागते हे मान्य आहे, आणि नोकरी करणाऱ्या, जनावरे नसलेल्या लहान कुटुंबाला आमच्यासारखे घर चांगलेच आहे. शेतकऱ्याने मात्र किल्ली घेण्यापूर्वी गोठ्याची जागा, शेताचे अंतर आणि शेजार कोण, हे विचारावे. पाया, गज आणि पट्टे कुठून गेले आहेत हे दाखवणारा नकाशाही मागून घ्यावा. आम्हाला तो संस्थेकडून कधीच मिळाला नाही, त्यामुळे आता धाकट्या भावासाठी वर एक खोली चढवायची म्हटली तर खालच्या भिंती किती भार घेतील हे गवंड्याला सांगता येत नाही, आणि ते काम अडून राहिले आहे.