वयात येणाऱ्या मुलांसाठीची कार्यशाळा: पाचवी ते आठवीच्या मुलांना जरूर पाठवा

माझी लेक अकरा वर्षांची, भाचा तेराचा. सोसायटीच्या हॉलमधल्या या कार्यशाळेला दोघांनाही पाठवलं, मागे पालकांसाठीही खुर्च्या होत्या. डॉक्टरबाईंनी मुलगे-मुली एकत्र बसवले, हे मला फार आवडलं.

पाळीत किती रक्त जातं, असं विचारल्यावर एकजण म्हणाला, "बाटलीभर!" बाईंनी लाल पाणी चमच्याने मोजत वाटीत ओतलं. साधारण ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. मुलींच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरला. पॅड दर चार ते सहा तासांनी बदलायचं, हे मुलग्यांनीही ऐकलं.

निनावी चिठ्ठ्यांमधला एकही प्रश्न टाळला नाही. "झोपेत चड्डी ओली होते, आजार आहे का?" यावर सरळ उत्तर: नाही, या वयात वीर्य तयार होऊ लागतं, ते झोपेत बाहेर पडू शकतं, त्याने अशक्तपणा येत नाही. नकोसा स्पर्श झाला तर कुणाला सांगायचं हे बोलून १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ करून घेतला.

मोबाइलवरच्या अश्लील व्हिडिओंचा विषय मात्र शेवटी घाईत उरकला. त्याला वेगळं सत्रच हवं. नववी-दहावीच्या मुलांना हे कमी पडेल, धाकट्यांचं नाव मात्र डोळे झाकून घाला.