एका मुळाचे चारशे रुपये

पेपरातून ‘कुरूप, चामखीळ, मस, विनाऑपरेशन मुळासकट’ असं पत्रक घरात आलं, तर रद्दीत टाकण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. तक्रारीला कामी येतो. आमच्या मामांकडे कागद म्हणून तेवढाच उरला होता.

मामा निफाडकडचे, द्राक्षवाले. तळपायाला वाटाण्याएवढी लालसर गाठ आलेली. दुखायची फारशी नाही, पण गमबूट घासला की मोजा रक्ताने भरायचा. छाटणीच्या धावपळीत दवाखाना राहत गेला आणि नेमका हा पत्रकवाला नाशकात, सीबीएस बसस्थानकाजवळच्या एका लॉजवर ‘फक्त दोन दिवस’ उतरला होता.

दर काय, तर एका मुळाचे ४०० रुपये. एक गाठ म्हणजे एक मूळ, असा मामांचा सरळ हिशेब. त्याने गाठीवर कसलंसं जळजळीत औषध लावलं, वर पितळी नळी टेकवून तोंडाने ओढलं आणि स्टीलच्या वाटीतल्या पाण्यात एक पांढरट तंतू टाकला. मग दुसरा, मग तिसरा. मामी म्हणाल्या, आता पुरे. तर म्हणे, “माउली, अर्धं मूळ आत राहिलं की त्याचा कॅन्सर होतो, मग मला बोल लावू नका.” हे ऐकल्यावर कोण उठणार? २७ मुळं निघाली. १०,८०० रुपये रोख, पावती नाही. निघताना मामा त्याच्या पाया पडले म्हणे. हे मामी सांगतात. मामा तेवढ्यात विषय बदलतात.

मामींनी एक ‘मूळ’ गुपचूप रुमालात बांधून आणलं होतं. वाळल्यावर सुईने टोकरलं तर पीळ सुटला. खळ लावलेला सुती दोरा!

पैसे गेले ते गेले, खरा घोळ पुढेच झाला. मामांना शुगर, त्यात पायाची जखम. चिघळायला वेळ लागला नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी तुकडा काढून तपासायला पाठवला, तर रिपोर्टमध्ये नुसती जळकी, मेलेली कातडी आणि सूज. गाठ कसली ते ओळखायची खूणच त्या औषधाने जाळून टाकली होती. ड्रेसिंग करून जखम भरली आणि तिच्या कडेने गाठ पुन्हा डोकावली. मग जागेवर भूल देऊन ती पूर्ण कापून काढली, लॅबला पाठवली, तेव्हा नाव कळलं: पोरोमा.

घामाची नळी कातडीतून बाहेर येते, तिथल्या वरच्या भागातल्या पेशींची ही गाठ. कॅन्सरची नव्हे, साधी. तळपायाला आणि तळहाताला घामाच्या ग्रंथी दाटीने असतात, त्यामुळे तिथे ती जास्त दिसते. दुर्मीळ आहे, पण डॉक्टरांना नवी नाही. १९५६ मध्येच पिंकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं वर्णन करून ठेवलंय. कुरूप टणक, पिवळट असतं, दाबलं की दुखतं, पण सहसा असं रक्त येत नाही. ही मऊसर, लाल, कधी भोवती चरासारखी खाच असलेली. तरीही ती चामखीळ वाटू शकते, आणि काळा रंग न धरणारा मेलानोमा हा कॅन्सरही असाच दिसू शकतो. नुसत्या नजरेने खात्री होत नाही, तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीच बघावा लागतो. मूळबीळ काही नसतं. गाठीचा भाग राहिला तर ती परत येते, आणि क्वचित या गाठीतून कॅन्सरही होतो. म्हणजे त्या भामट्याने भीती खरी दाखवली, पण तपासायची वस्तूच जाळली. मला सगळ्यात जास्त संताप याचा येतो.

पोलिसांकडे आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे अर्ज दिलाय. नोंदणीशिवाय डॉक्टरकी करणं महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ प्रमाणे गुन्हा आहे. लॉजच्या रजिस्टरात अर्धवट पत्ता सापडला, मोबाइल बंद. असा कुणी भेटला तर नोंदणी क्रमांक विचारा, तो मेडिकल कौन्सिलच्या यादीत बघता येतो. आणि काढलेली गाठ लॅबला पाठवणार का, हे आधीच विचारा. परवा सिन्नरच्या मावसभावाने एक पत्रक पाठवलं. नाव वेगळं, नंबर वेगळा, वाटीचा फोटो तोच.