भेगांचं ‘स्टिचिंग’: पैसे मे महिन्यात गेले, खरं काम ऑगस्टमध्ये उघडं पडलं

परभणीतलं बैठं घर. नऊ इंची वीटकाम, पाया काळ्या मातीत. खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी गेलेली भेग उन्हाळ्यात चांगलीच रुंदावली, म्हणून घरच्यांनी ठेकेदार बोलावला. त्याने हातोडीने भिंत ठोकून बद्द आवाज ऐकवला, ‘भिंत आतून सुटलीय, स्लॅब कधीही बसेल’ असं सांगितलं आणि दोन कामं सुचवली. एक एपॉक्सी इंजेक्शन, म्हणजे भेगेत नळ्यांतून चिकट रसायन सोडणं, दर नळीमागे. दुसरं सळयांचं स्टिचिंग, म्हणजे भेगेच्या आरपार आडव्या सळया बसवून भिंत जणू शिवणं, दर रनिंग फुटाला. निम्मे पैसे आगाऊ घेतले. तीन दिवसांत काम, पुट्टी, रंग सगळं उरकलं आणि उरलेले पैसेही गेले.

ऑगस्टमध्ये पुट्टीचे पोपडे सुटले आणि जुन्या भेगेला लागूनच नवी भेग दिसली. गिलावा काढल्यावर वीत-वीतभर सळईचे तुकडे निघाले, तेही विटांच्या सांध्यात नव्हे, तर गिलाव्याच्या जाडीत दाबलेले. इंजेक्शनच्या नळ्या विटेपर्यंत पोचल्याच नव्हत्या. त्यांत सिमेंटचं पाणी सोडलेलं होतं.

ही फसवणूक हातोडीपासूनच सुरू होते. बद्द आवाजाचा अर्थ एवढाच, की गिलावा विटेपासून सुटला आहे. त्यावरून भिंतीची ताकद कळत नाही. कोणीही घाबरवलं तर आधी भेगेवरचा हातभर गिलावा काढायला लावा. भेग विटेत आहे का आणि पलीकडच्या अंगाला त्याच जागी दिसते का, हे बघा. गिलाव्यापुरती असेल तर काम गवंड्याचं आहे. भारतीय मानक ब्युरोच्या १९८४च्या एसपी २५ या पुस्तिकेत १ मिमीपेक्षा कमी ती बारीक, १ ते २ मिमी ती मध्यम आणि २ मिमीच्या वर ती रुंद भेग, अशी वर्गवारी आहे. रुंदीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे भेग हलती आहे की थांबलेली. हे एका भेटीत कोणालाच सांगता येत नाही. उघड्या विटेवर भेगेच्या आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा आणि तारीख लिहून ठेवा. भेग हलली की काच तडकते. शिवाय भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक खिळा ठोकून त्यांच्यातलं अंतर दर पंधरा दिवसांनी व्हर्नियरने (मिलिमीटरचे अंश दाखवणाऱ्या मापकाने) मोजा. यात एक पूर्ण पावसाळा यायलाच हवा.

काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. मे महिन्यात भेग सर्वांत रुंद असताना ती कडक मालाने ठासून भरली, तर पावसात पाया उचलला जाऊन भेग मिटू पाहते, मधला माल चिरडतो आणि पुट्टी फुगते. परभणीच्या घरात माल विटेपर्यंत गेलाच नव्हता, तरी पावसात भेग हलली आणि वरची पुट्टी फुटली. मूळ कारण भिंतीत नव्हतंच. गच्चीचा पाइप पायाशीच पाणी सोडत होता. तो लांब काढायचा, जोत्याभोवती निदान तीन-चार फुटांचा, बाहेर उतार असलेला पक्का पट्टा करायचा, सांडपाण्याच्या चेंबरची गळती थांबवायची, हे आधी. भिंतीला हात नंतर. आमच्या मते काळ्या मातीत स्टिचिंगला दिवाळी ते संक्रांत हा काळ बरा, कारण तेव्हा माती पूर्ण फुगलेलीही नसते आणि तडकलेलीही नसते.

खरं स्टिचिंग असं होतं. भेगेच्या दोन्ही बाजूंना पावणेदोन फूट गिलावा काढायचा. दर चौथ्या थराला, म्हणजे साधारण १४ इंचांवर, आडवा सांधा ४० मिमी खोल कोरायचा आणि हवा मारून, धुऊन साफ करायचा. त्यात नॉन-श्रिंक ग्राउटचा (वाळताना न आकसणाऱ्या सिमेंटच्या भरणाचा) थर, त्यावर सळई, वर पुन्हा ग्राउट दाबून भरायचं. सळई भेगेच्या दोन्ही बाजूंना ५०० मिमी पुढे गेली पाहिजे, म्हणजे तुकडा एक मीटरचा. ६ मिमीची स्टेनलेस स्टीलची पिळाची सळई सर्वांत उत्तम. साधी लोखंडी वापरली आणि पाणी पोचलं, तर ती गंजून फुगते आणि सांधाच फोडते. नंतर मूळ भेग पातळ सिमेंट ग्राउटने भरायची, वर जाळी लावून गिलावा करायचा आणि किमान सात दिवस पाणी मारायचं. तीन दिवसांत रंगापर्यंत पोचणारं काम म्हणजे पाणी मारलेलंच नाही.

हिशेब तुम्हीच करा. सात फुटी भेगेला सहा सळया, म्हणजे सहा मीटर. बिलात ८ मिमीची टीएमटी सळई असेल तर तिचं वजन सुमारे २.३७ किलो भरलं पाहिजे. ६ मिमीची असेल तर जेमतेम १.३३ किलो भरतं. नगांच्या मोजणीत हा फरक दिसत नाही, काट्यावर लगेच दिसतो.

एपॉक्सीबद्दल थोडक्यात. ते मुख्यतः काँक्रीटच्या बारीक भेगांसाठी आहे. साध्या वीटकामाला बहुतेक वेळा सिमेंट ग्राउट पुरतं आणि त्याला खर्चही फार कमी येतो. तरीही कोणी सुचवलं तर दर नळीमागे ठरवू नका, वापरलेल्या किलोवर ठरवा. एपॉक्सीच्या दोन्ही भागांचे (रेझिन आणि हार्डनर) सीलबंद डबे तुमच्यासमोर उघडायला सांगा.

कॉलम आणि विटेच्या सांध्यातली सरळ उभी भेग वेगळी. तिथे दोन्हीकडे १५० मिमी जाणारी कोंबडी जाळी आणि गिलावा हाच इलाज. याच जाळीला स्टिचिंग म्हणून दर लावणारे खूप आहेत. छताखालची आडवी भेग बहुधा स्लॅब तापून-थंडावून पडते. तिला लवचिक सीलंट लागतो, सळई नाही. दारं अडकू लागली, फरशी कलली किंवा भेग ५ मिमीच्या वर गेली, तर ठेकेदाराआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी देऊन बोलवा. तो काम घेणाऱ्याचा माणूस नसावा.

पैशांचे टप्पे भिंत उघडी असतानाच बांधा. सांधे कोरल्यावर एक हप्ता, सळया बसल्यावर दुसरा. प्रत्येक टप्प्याला सळईशेजारी टेप धरून फोटो काढा आणि फोटो होईपर्यंत गिलावा करू देऊ नका. शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावर द्यायचा, हे लेखी घ्या. बिल पक्कं हवं, त्यावर सळईचा व्यास, लांबी आणि नग लिहिलेले हवेत. फसलाच असाल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि कामाची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. गिलावा उघडायचा असेल तर आधी ठेकेदाराला लेखी कळवा आणि इंजिनिअरसमोर उघडा. त्या पाहणीचा लेखी अहवाल आणि निघालेले सळईचे तुकडे जपून ठेवा.