८ बाय ४२ दुर्बीण: आमचा माळ ते मुन्नार, तीरचिमणी बघून लिहितोय

बीडकडं माळावर पक्षी बघत फिरणाऱ्यांच्या कामाला येईल म्हणून लिहितोय. आधी माझ्याकडं ऑनलाइन मागवलेली स्वस्तातली झूमवाली दुर्बीण होती, डब्यावर आकडे मोठाले पण हातात धरली की चित्र इतकं थरथरायचं की पक्षी सापडेस्तोवर उडून जायचा, पैसे वायाच गेले. मग साठवून साठवून संभाजीनगरच्या एका दुकानातून ही ८ बाय ४२ (म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची) घेतली, साडेनऊ हजाराला. दुकानदारानं अर्धा तास दारात उभं राहून समोरच्या पाट्या वाचू दिल्या, घाई नाही काही नाही.

घरामागच्या माळावर पहिली बघितली ती धान तीरचिमणी (जमिनीवर फिरणारा छोटा पक्षी, इंग्रजीत पॅडीफिल्ड पिपिट). मातकट रंग, ढेकळात बसली की हलल्याशिवाय दिसत नाही. दुर्बिणीतनं तिच्या छातीवरच्या बारीक रेघा दिसल्या आणि कुशीचा भाग जवळजवळ कोरा, तेवढं डोक्यात ठेवलं.

कारण डिसेंबरात मुन्नारला जायचं होतं, निलगिरी तीरचिमणीसाठी. ही फक्त दक्षिणेत निलगिरी, अनामलाई, पळणी असल्या डोंगरांवरच्या गवतात राहते, १००० मीटरच्या वर आणि जास्त करून २००० च्याही वर, दुसरीकडं कुठंच नाही. चहा, वॅटल (परदेशी बाभूळ), निलगिरीची झाडं लावून लावून ते गवत कमी झालंय, आपल्या माळाला पडीक म्हणतात तसंच तिथं झालं असणार, फार वाईट वाटतं.

मुन्नारजवळच्या एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात, राजमलै भागातल्या रस्त्याच्या कडेनं एक गवतातून पळत आली न् थांबली. रंग जास्त गडद तपकिरी, आणि छातीवरच्या रेघा थेट कुशीपर्यंत उतरलेल्या, एकेक मोजता यावी अशी! मागून कुणीतरी जोरात बोललं तशी उडून खुरट्या झाडावर बसली. माझे हात कापत होते पण चित्र जागेवर होतं. ८ पटच घ्या, १२ च्या नादी लागू नका.

धुकं लई होतं, काच बाहेरून पुसावी लागली पण आत वाफ धरली नाही. चष्मा लावूनही पूर्ण गोल दिसतो, फक्त डोळ्याजवळचे रबरी कप खाली करून घ्यायचे.

पट्टा मात्र बारीक, दोन तासात मान दुखते, रुंद पट्टा वेगळा घ्या. लेन्सची टोपणंही सैल आहेत, एक तिथंच गवतात पडलं, सापडलं नाही, राहिलेलं दोऱ्यानं बांधून टाकलंय.