आरआयपी की ओएसपीएफ? छोट्या नेटवर्कसाठी माझं मत

सात-आठ राउटर झालेत आणि स्टॅटिक रूट (प्रत्येक राउटरवर हाताने लिहिलेली वाट) टाकून टाकून वैताग आलाय, तर प्रश्न साधारण आरआयपी आणि ओएसपीएफ या दोघांवरच येऊन थांबतो, म्हणजे राउटरांना एकमेकांकडून वाटा आपोआप शिकवणारे दोन प्रोटोकॉल. मी दोन्ही चालवलेत, एकाच जागी, आधी आरआयपी व्हर्जन २ आणि आता ओएसपीएफ.

अपडेट शेजाऱ्यापुरतंच जातं हे दोन्हीकडे सारखंच. आरआयपी २२४.०.०.९ वर बोलतो, ओएसपीएफ २२४.०.०.५ आणि २२४.०.०.६ वर, आणि या पत्त्यांवरचं पॅकेट राउटर पुढे पाठवतच नाही. फरक आहे तो शेजारी पुढे काय सांगतो यात. आरआयपीत तो स्वतःचा हिशोब सांगतो, की अमुक नेटवर्क माझ्यापासून तीन हॉपवर (हॉप म्हणजे एका राउटरवरून पुढच्यावर एक उडी), पण वाट कुठून जाते ते नाही, म्हणजे कानगोष्टींचा खेळच. ओएसपीएफमध्ये मूळ राउटरने बनवलेला एलएसए (त्याच्या लिंकची माहिती देणारा संदेश) शेजारी तसाच पुढे देतो, त्यामुळे एका एरियात (राउटरांच्या एका गटात) सगळ्यांकडे एकच नकाशा.

मला नडलं ते मात्र एका लिंकवर. आमच्या दोन इमारतींमधल्या फायबरला दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे डबे) आहेत, मधे फायबर तुटली तरी राउटरचा पोर्ट हिरवाच राहतो, आणि पोर्ट अप दिसतोय म्हटल्यावर आरआयपी ट्रिगर्ड अपडेट (बदल होताच लगेच जाणारं अपडेट) पाठवणार तरी कशाला? तिसऱ्या इमारतीतून जाणारी बॅकअप वाट मोकळी पडलेली, आणि आपण मात्र टेबलमध्ये रूटचं वय ००:०१:५०, ००:०२:२० असं चढताना बघत बसायचं, कारण शेजारी १८० सेकंद गप्प राहिला की मगच रूट बाद होतो, त्यात होल्डडाउन (बाद रूटची नवी माहिती काही काळ न स्वीकारणं) असेल तर आणखी उशीर. तोवर अकाउंट्सवाल्यांचे फोन सुरू झालेले असतात.

टायमर कमी करता येतात, हे खरंय. पण एखादा राउटर जुन्या टायमरवर राहिला तर आरआयपी काही बोलत नाही, रूट नुसता येत-जात राहतो आणि कारण शोधताना जीव जातो. ओएसपीएफमध्ये हॅलो (किती वेळाने शेजाऱ्याला हाक द्यायची) आणि डेड (किती वेळ गप्प राहिला की गेला मानायचं) टायमर जुळले नाहीत तर शेजारपणच होत नाही, चूक तिथल्या तिथे दिसते. शिवाय इथरनेटवर न बदलताही १० आणि ४० सेकंद असतात, त्यामुळे तीच फायबर परत तुटली तेव्हा मिनिटाच्या आत ट्रॅफिक बॅकअपवर गेलं.

ओएसपीएफचा त्रास नाही असं नाही. दोन टोकांचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) वेगळा असला तर एक्सस्टार्टमध्ये (शेजारपण जुळण्याच्या मधल्या टप्प्यात) अडकून बसतो, आणि कॉस्टचा (लिंकच्या वेगावरून काढलेल्या वाटेच्या किमतीचा) रेफरन्स बऱ्याच ठिकाणी १०० एमबीपीएसच असतो, म्हणजे गिगाबिट आणि १०० एमबीपीएस त्याला सारखेच वाटतात, तो सगळ्या राउटरवर वाढवून घ्यावा लागतो. आरआयपी त्यामानाने चार ओळींत उभा राहतो.

तुमच्याकडे बॅकअप वाटच नसेल तर आरआयपीने काही अडणार नाही बहुतेक. पण दुसरी वाट असेल, आणि मधे कन्व्हर्टर किंवा रेडिओ असेल, तर मी तरी ओएसपीएफच घेईन, सगळं एरिया ० मध्ये, आणि दोनच राउटर असलेल्या लिंकला पॉइंट-टू-पॉइंट करून टाका, डीआर (लिंकवरचा प्रमुख राउटर) निवडण्यात वेळ जात नाही.