डीपी चढतोय: फीडवर फिल्टर की बेडवर ग्रेडिंग?

डिझेल हायड्रोट्रीटरमध्ये (हायड्रोजन वापरून डिझेलमधलं सल्फर काढणारं रिफायनरीतलं युनिट) कॅटॅलिस्टमध्ये अजून जीव असतो, आणि तरी घाण साचून पहिल्या बेडचा, म्हणजे कॅटॅलिस्टच्या गोळ्यांच्या थराचा, डीपी (वरच्या आणि खालच्या दाबातला फरक) चढला म्हणून युनिट बंद करावं लागतं. हे ज्यांनी भोगलंय, त्यांच्यापुढे पुढच्या शटडाऊनला दोन वाटा असतात: फीड लाइनवर (युनिटमध्ये येणाऱ्या तेलाच्या वाटेवर) चांगला ऑटो-बॅकवॉश फिल्टर, जो उलट्या प्रवाहाने स्वतःला धुतो, नाहीतर बेडच्या डोक्यावर ग्रेडिंगचे, म्हणजे घाण धरणाऱ्या मोठ्या ते लहान तुकड्यांचे थर. दोन्ही करा, हे उत्तर मलाही माहीत आहे. पण बजेट बहुधा एकाच गोष्टीचं मंजूर होतं. आम्ही एक रन (दोन शटडाऊनमधला काळ) फिल्टरच्या भरवशावर काढला आणि पुढचा ग्रेडिंगच्या, म्हणून हे लिहितोय.

फिल्टरची बाजू कागदावर भक्कम आहे. घाण रिअ‍ॅक्टरपर्यंत पोचतच नाही आणि एलिमेंट चालू युनिटमध्ये बदलता येतं. शिवाय बेडमधली जागा पूर्णपणे कॅटॅलिस्टला मिळते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या इंधन-मानकाची १० पीपीएम सल्फरची मर्यादा आल्यावर या जागेला फार किंमत आली. ग्रेडिंगने आमच्या पहिल्या बेडचा साधारण दहावा हिस्सा खाल्ला, आणि तो देताना माझाही हात अडखळला होता.

मात्र फिल्टर २५ मायक्रॉनचा, म्हणजे २५ च्या खालचं बरंचसं पुढे जाणारच. एकमेकांना टेकलेल्या तीन गोळ्यांमधली फट गोळीच्या व्यासाच्या साडेसहाव्या भागाएवढी असते. १.३ मिलिमीटरची गोळी धरली तर २०० मायक्रॉन. बारीक कण त्या फटीतून सहज आत शिरतात. ते चाळणीसारखे अडकत नाहीत, तर पृष्ठभागाला चिकटतात, एकमेकांवर साचतात आणि शेवटी फटीच्या तोंडाशी कमान धरतात. बेडमधला डीपी काढायच्या अर्गनच्या १९५२ च्या समीकरणात पोकळीचा (बेडमधल्या रिकाम्या जागेच्या हिश्श्याचा) घन छेदात आहे. पोकळी ४० टक्क्यांवरून ३५ वर आली की डीपी १.६ ते १.७५ पट होतो, ३० वर आली की सुमारे तिप्पट. सोबत गॅस असताना आकडे वेगळे येतात, पण कल तोच. म्हणून आलेख वर्षभर सपाट दिसतो आणि मग तीन आठवड्यांत छताला लागतो.

एवढं मी सहन केलं असतं. माझं मन उठलं ते बायपासमुळे, म्हणजे फिल्टरला वळसा घालणाऱ्या लाइनमुळे.

फीड टँक बदलला की पहिल्या काही तासांत तळाचा गाळ येतो. फिल्टर लागोपाठ बॅकवॉश घेऊ लागतो, बॅकवॉशचं तेल स्लॉपमध्ये (टाकाऊ तेलाच्या टँकमध्ये) जातं आणि स्लॉप टँकची लेव्हल चढते. फीड पंपाचं सक्शन कमी पडू लागतं. रात्री अडीच वाजता पॅनलवरच्या माणसापुढे दोनच गोष्टी उरतात: थ्रूपुट (युनिटमधून जाणारं तेल) कमी करून सकाळी जाब द्यायचा, नाहीतर बायपास ‘अर्धा तास’ उघडायचा. तो काय करतो हे सांगायला नको, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या खुर्चीत मीही होतो. म्हणजे ज्या तासाला फिल्टरची खरी गरज, नेमका त्याच तासाला तो वाटेत नसतो. नंतर मी लॉगबुक उलटून पाहिलं. डीपीची प्रत्येक उडी अशा एखाद्या ‘अर्ध्या तासा’नंतर दोन-चार दिवसांत होती. हे काही शास्त्रीय मोजमाप नव्हे, पण मला पुरलं.

रिअ‍ॅक्टर उघडला तेव्हा वर दुधाच्या खरवडीसारखा काळा, कडक पापुद्रा होता आणि त्याखाली कॅटॅलिस्ट जवळजवळ स्वच्छ. त्यातलं आयर्न सल्फाइड हवा लागली की पेट घेतं, म्हणून नायट्रोजनखाली, श्वासाची नळी लावलेली माणसं आत उतरवून तो वरचा थर काढावा लागला. ते काम बाहेर उभं राहून पाहणंही सुखाचं नसतं.

ग्रेडिंगला बायपास नाही, हा त्याचा मला सर्वांत आवडलेला गुण. वर मोठ्या छिद्रांच्या चकत्या, खाली रिंगा, मग लहान रिंगा आणि त्यानंतर मुख्य कॅटॅलिस्ट. वरच्या थरांत पोकळी जास्त असल्याने घाण एका पापुद्र्यात न साचता खोलवर पसरते. विरघळलेलं लोहही आहे. आयर्न नॅफ्थेनेट, म्हणजे तेलात विरघळलेलं लोहाचं संयुग, कुठल्याच फिल्टरला दिसत नाही. पुढे उष्णता, हायड्रोजन आणि हायड्रोजन सल्फाइड भेटलं की त्याचं आयर्न सल्फाइड होतं. फिल्टरच्या पुढच्या एक्स्चेंजरमधून आणि हीटरच्या नळ्यांतून सुटणारी खपलीही तशीच. या दोन्हींना अडवणारं वाटेत दुसरं काही नसतं.

तोटे आहेतच. एकदा भरलं की पुढच्या शटडाऊनपर्यंत हात लावता येत नाही. थर सपाट बसवले नाहीत तर द्रव एका बाजूने वाहतो आणि तापमान मोजणारे थर्मोकपल ते लगेच दाखवतात. आमच्या लोडिंगवाल्यांकडून एक थर मी पुन्हा समतल करून घेतला, तेव्हा शिव्याही खाल्ल्या. पण तो रन डीपीमुळे थांबला नाही, कॅटॅलिस्ट थकल्यामुळे थांबला.

तुमच्या फीडमध्ये कोकरचा (जड तेल तापवून तोडणाऱ्या युनिटचा) माल जास्त असेल, तर मात्र मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. कोकचे कण भरपूर आले तर ग्रेडिंग लवकर भरतं आणि तिथे फिल्टर हवाच. तो माल टँकमध्ये हवेला लागून डिंक धरत असेल, तर दोन्हींच्या आधी टँकवर नायट्रोजन द्या.

ठरवण्याआधी लॅबला एक काम सांगा: फीड ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून गाळून, गाळलेल्या तेलातलं लोह मोजायचं. टँक बदलल्याच्या दिवशीचा आणि एरवीचा असे दोन नमुने घ्या. गाळूनही लोह उरत असेल तर फिल्टरचं कोटेशन जरा बाजूला ठेवा.