दिवसा डोळा, रात्री कान: जुन्या मोबाइलचा ट्रॅप कॅमेरा, अकरा महिन्यांनंतर

आमच्या कपाटाच्या खणात तीन मोबाइल पडून होते. एकाची काच तडकलेली, एकाचा स्पीकर बसलेला, आणि एकात व्हॉट्सअॅप उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. गेल्या दिवाळीला पुतण्या आला आणि म्हणाला, "नाना, यांचे ट्रॅप कॅमेरे करू." तो बीएस्सीला आहे, प्राणिशास्त्र घेतलंय, आणि उसाच्या रानात कोणकोणती जनावरं येतात यावर त्याला प्रोजेक्ट करायचा होता. ट्रॅप कॅमेरा म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा. बरा घ्यायचा तर आठ-दहा हजारांच्या खाली येत नाही. मोबाइल फुकट होते. त्या फुकटाचे पुढे किती झाले ते सांगतोच.

आमचं रान अकोले तालुक्यात, प्रवरेच्या खोऱ्यात. दोन एकर ऊस, थोडा घास, थोडे टोमॅटो, एक विहीर आणि बांधाला लागून ओढा. इथे बिबट्या आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. गावात त्याला सरळ 'वाघ' म्हणतात. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच अकोल्याच्या शेतांमध्ये कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दर १०० चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे आणि जवळपास तितकीच तरसं, तीही जंगल नावाला नसलेल्या, माणसांनी भरलेल्या मुलखात. त्यामुळे जनावर नाही म्हणून फोटो आला नाही, ही सबब आम्हाला नव्हती. फोटो आले नाहीत ते आमच्या अडाणीपणाने.

पहिल्यांदा आम्ही हेवन नावाचं अॅप टाकलं. २०१७ साली आलेलं, मोफत, आणि ते घडवण्यात अमेरिकी सरकारची छुपी पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांचा हात. हॉटेलच्या खोलीत पत्रकाराच्या सामानाला कुणी हात लावला तर कळावं म्हणून केलेलं. आम्ही ते उसाच्या बांधावर लावलं. पहिल्या रात्रीतून सकाळपर्यंत १,१४० फोटो, सगळे उसाच्या पात्याचे. यात अॅपची काही चूक नाही. हॉटेलच्या खोलीत ऊस हलत नाही. मोबाइल हालचाल ओळखतो ती मागच्या चित्राशी पुढचं चित्र ताडून. वारा आला, ढगाची सावली सरकली, की त्याच्या लेखी कुणीतरी आलं. खऱ्या ट्रॅप कॅमेऱ्यात उष्णतेचा बदल टिपणारा पीआयआर सेन्सर असतो, त्याला पात्याशी देणंघेणं नसतं. अर्थात तोही काही देव नाही. एप्रिलमध्ये दुपारी रानच अंगाइतकं तापलं की त्याला जनावर आणि ढेकूळ यांतला फरक कळेनासा होतो.

रिकाम्या फोटोंनी पुतण्या खट्टू झाला, तेव्हा मी त्याला २०१८च्या व्याघ्रगणनेचे आकडे काढून दाखवले. देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे आणि जवळजवळ साडेतीन कोटी फोटो. गिनेस बुकात नोंद झाली. त्यात वाघाचे ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. म्हणजे तिथेही शंभरातला अर्धा फोटोसुद्धा वाघ-बिबट्याचा नाही. फरक एवढाच की त्यांच्या बाकीच्या फोटोंत निदान सांबरं-चितळं असतील. आमच्याकडे पातंच.

मग त्याने एक जुगाड केला, तो मला अजून आवडतो. सेल्फी स्टिकबरोबर ब्लूटूथचं बटण मिळतं ना, ते उघडून त्याच्या तारा बाजारात मिळणाऱ्या सुट्या पीआयआर सेन्सरला जोडल्या. जनावर आलं की सेन्सर बटण दाबणार, मोबाइल फोटो काढणार. घरात झकास चाललं. रानात कळलं की ते बटण दहा मिनिटं कुणी दाबलं नाही की झोपी जातं. पहिल्या जनावराने त्याला उठवायचं आणि दुसऱ्याचा फोटो यायचा. आमच्याकडे जनावरं रांगेत येत नाहीत. हा प्रकार महिन्याभरात गुंडाळला. शेवटी साधं अॅपच ठेवलं, त्याची संवेदनशीलता खाली आणली, आणि चौकटीत पातं येणारच नाही अशी जागा शोधली. बांधावरची पायवाट आणि मागे विहिरीची दगडी भिंत. निम्मा प्रश्न इथेच मिटला. नवीन करणाऱ्याने आधी मागची भिंत शोधावी, अॅप नंतर.

आता विजेचं. ट्रॅप कॅमेरा आठ पेन्सिल सेलवर महिनोन् महिने चालतो, कारण तो बहुतेक वेळ झोपलेला असतो. मोबाइलला अॅप चालू ठेवून कॅमेरा उघडा ठेवावा लागतो. आमचा सर्वांत चांगला फोन सात तासांत मान टाकायचा. पॉवर बँक लावली, तर फोन भरत आला आणि ओढ कमी झाली की ती स्वतःच बंद व्हायची. म्हणून मोटरच्या खोलीतून वायर ओढली. शेतीची वीज कशी येते ते शेतकऱ्याला सांगायला नको. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि मध्ये जाईल तेव्हा जाईल. रात्रीच्या पाळीला लोक बॅटरी घेऊन पाणी धरायला जातात आणि त्याच बांधावर वाघ असतो. दिवसा वीज द्या ही मागणी इथे कशासाठी होते, ते त्या वेळी रानात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. असो.

मार्चअखेरीस तडकलेल्या काचेच्या फोनचं पोट फुगलं. पत्र्याच्या पेटीत, उन्हात, सतत शंभर टक्के चार्जवर. बॅटरीने दुसरं काय करायचं? मागचं झाकण उचललं गेलं होतं. नशीब, वेळेवर दिसलं. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, आणि उद्या बघू म्हणत घरात ठेवू नका. बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याने ती काढली, तिची फक्त सर्किटची पट्टी ठेवली आणि बाहेरून बॅटरीइतकाच विजेचा दाब (व्होल्टेज) देणारी जोडणी करून दिली. सगळे फोन याला बधत नाहीत, हा बधला. पुढे वाचनात आलं की एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठातल्या संशोधकांनीही जुन्या फोनांच्या बॅटऱ्या काढूनच काम केलं. असे फोन एकमेकांना जोडून त्यांनी ते पाण्याखाली सागरी जीव मोजायला लावले. म्हणजे आमचा दुरुस्तीवाला योग्य रस्त्यावर होता. दुसऱ्या फोनला साडेतीनशे रुपयांचा टायमर लावला, दिवसातून दोनदा दोन तास चार्जिंग. पण तो टायमर चावीच्या घड्याळासारखा फिरणारा. वीज गेली की तोही थांबतो. आठवड्यात तो नऊ तास मागे पडला आणि 'पहाटे चार'चं चार्जिंग भर दुपारी एकला, नेमकं उन्हात, सुरू झालं.

पेटी म्हणाल तर प्लास्टिकचा डबा आणि पुढे काचेचा तुकडा. पत्र्याची पेटी आम्ही एप्रिलनंतर सोडली. पावसाळ्यात काचेवर आतून दव धरतं. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या पुड्या टाकल्या तर चार दिवस बरं. जूनमध्ये कुंभारमाशीने भोकावर चिखलाचं घर बांधलं. जुलैत मुंग्या आत शिरल्या, अंड्यांसकट. सगळ्यांत चिवट शत्रू मात्र कोळी. भिंगासमोर एक धागा ओढला की रात्रभर तोच हलतो आणि तोच टिपला जातो.

रात्रीच्या बाबतीत मोबाइलमध्ये मुळातच एक अडचण आहे, आणि ती कुठलंही अॅप टाकून जात नाही. माणसाला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड फोटोचे रंग बिघडवतो, म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्यात तो अडवणारी गाळणी बसवलेली असते. ट्रॅप कॅमेरा नेमका त्याच उजेडावर अंधारात पाहतो. घरी करून बघा: टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा काहीच दिसणार नाही; पुढच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्यात बऱ्याच फोनांवर जांभळट ठिपका दिसेल, कारण तिथली गाळणी विरळ असते. त्या ठिपक्याच्या भरवशावर आम्ही सीसीटीव्हीचा इन्फ्रारेड दिवा सातशे रुपयांना आणला आणि फोन उलटा लावला. तीन मीटरपर्यंत राखाडी, भुतासारखी चित्रं आली. त्यात एक साळिंदर ओळखू आलं, तेही काट्यांमुळे. बाकीच्यांना पुतण्या रानमांजर म्हणायचा आणि मी आमचं मांजर.

गोठ्यापाशी रात्रभर दिवा असतो, तिथे मात्र फोनने कमाल केली. उदमांजर, मुंगूस, कोल्हा आणि दोनदा बिबट्या, एकदा डावी कूस आणि एकदा उजवी. आता तो एकच की दोन, हे सांगता येत नाही. बिबट्याच्या अंगावरच्या ठशांची नक्षी प्रत्येकाची वेगळी, पण दोन्ही बाजूंचीही वेगळी. म्हणून मोजणी करणारे वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे लावतात. आमच्याकडे गोठ्याला एकच भिंत आणि वीज असलेली एकच जागा. प्रोजेक्टमध्ये आम्ही 'किमान एक' असं लिहिलं.

त्या फोटोंची एक गोष्ट. पहिला मी गावाच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात पिंजरा लावा, निवेदन द्या सुरू झालं. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. जुन्नर वनविभागात १९९३ ते २००१ पर्यंत माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोठ्या प्रमाणावर बिबटे धरून दुसरीकडे सोडायला लागल्यावर ही सरासरी १७वर गेली. हे मीच वाचलेलं, आणि मीच फोटो टाकून पिंजऱ्याची मागणी उठवली. दुसरा फोटो घरातल्या चौघांनीच पाहिलाय. आमच्या शेजारच्या बाईंनी तर सरळ विचारलं, "भाऊ, आम्ही पहाटे त्या वाटेनं जातो, आमचे बी फोटो निघतात का?" निघत होते. त्याच दिवशी फोन गुडघ्याच्या उंचीवर आणून खाली झुकवला, पावलांपुरता. बिबट्यालाही तीच उंची योग्य, हे खरं तर आधी कळायला हवं होतं. आणि मोह झाला तरी वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय काही लावू नका. आमचं सगळं आमच्याच बांधावर आहे.

जूनमध्ये, तिसऱ्या फोनचा कॅमेरा पार धुरकटल्यावर, पुतण्याने तो नुसता आवाज टिपायला ठेवला. तोफर व्हाइट या अमेरिकन माणसाने सुमात्राच्या जंगलात जुने फोन झाडांवर टांगून करवतींचा आवाज पकडला होता, ते त्याने कुठेतरी ऐकलं होतं. आणि इथे सगळं उलटंच झालं! पडदा बंद, कॅमेरा बंद, फक्त रेकॉर्डर चालू, त्यामुळे एका चार्जवर दोन रात्री निघतात. वायर नको, दिवा नको, मागे भिंत नको. कोळ्याने कितीही विणावं. डब्याला खालून भोकं पाडली की पाऊसही चालतो, फक्त जोराची सर आली की तेवढा वेळ वाया. सकाळी फाइल संगणकावर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, आवाजाचं चित्र पाहायचं, आणि जिथे डाग दिसेल तेवढंच ऐकायचं. दहा तासांची रात्र वीस मिनिटांत संपते.

जून ते सप्टेंबर टिटवी, पिंगळा, रातवा, मोर आणि कोल्हेकुई इतकी मिळाली की प्रोजेक्टचं नावच बदललं. मोजणी त्यातून होत नाही, हे कबूल. कोल्हे दोन होते की पाच, कान सांगू शकत नाही. पण कोण कधी आलं, एवढं नक्की कळतं, आणि कॅमेऱ्याने सहा महिन्यांत जेवढं सांगितलं त्याहून जास्त या धुरकट डोळ्याच्या फोनने तीन महिन्यांत सांगितलं. आज कुणी विचारलं तर मी म्हणेन, वीज आणि उजेड असेल तिथे, गोठ्यापाशी, परसात, कॅमेरा लावा. उघड्या रानात फोन कानासाठी ठेवा. आणि बिबटे मोजायचेच असतील तर पैसे साठवून खरे ट्रॅप कॅमेरे घ्या, दोन. आमचा फुकटाचा खर्च एव्हाना अडीच हजारांवर गेलाय.

ऑगस्टमधली एक रात्र. दोन वाजून चाळीस मिनिटांनी टिटवी ओरडते, वस्तीवरची कुत्री भुंकतात आणि एकदम गप्प होतात. मग खर्र-खर्र, खर्र-खर्र, लाकडावर करवत चालावी तसा आवाज, ओढ्याकडून विहिरीकडे सरकत गेलेला. बिबट्याच. त्याच मिनिटाचा विहिरीवरच्या कॅमेऱ्याचा फोटो काढून पाहिला: काळोख आणि कोळ्याचा एक धागा.

आईला तो आवाज ऐकवला. तिने फोन कानाला लावला, जरा ऐकलं आणि परत दिला.

"हा व्हय? हा तर मी कैकदा ऐकलाय. मला वाटायचं, खालच्या वस्तीवर कुणी लाकूड कापतंय."

"आई, रात्री पावणेतीनला?"

"मंग? लाइट तवाच येती ना."